भुंगीच्या पोटातलं कापड

ता. ५ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी घरी सुखरूप पोचले. तीन तासांचा रस्ता, आणि मागच्या सीटवर भुंगी नाही, याची सवय नसल्यामुळे दोनदा मागे वळून तिला गप्प बस म्हणाले. फोन केला तर ती बरी आहे आणि पाणी प्यायली, एवढं सांगून तू ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. सासूबाई म्हणतात की फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं आणि कागदावरचं घरात राहतं. पस्तीस वर्षं पोस्टात पत्रं लावणारी बाई दुसरं काय म्हणणार! आपल्या घराला पत्रांचा नाद आधीच होता, त्यात ही सासू मिळाली.

तुझ्यासमोर बोलले नाही, पण मला फार लाज वाटते आहे रे. भुंगी दोन दिवस ओकत होती, ते पाहिलं. पण ती हनुवटी जमिनीला टेकवून मागचं अंग वर करून बसायची, तेव्हा मला वाटलं की खेळायला बोलावते आहे. मी हसले. एवढंच नाही, तिचं त्या अवस्थेतलं चित्र काढलं आणि शाळेत पोरांना दाखवलं. पोट दुखणारं कुत्रं तसं बसतं, हे तू सांगितलंस तेव्हा ते चित्र माझ्या पिशवीतच होतं. चित्रकलेच्या बाईंना समोरचं दिसत नाही, हे कुणाला सांगू नकोस.

आता खरी चौकशी. तिच्या पोटातून निघालं तरी काय? तुझ्या दवाखान्याची रीत मला माहीत आहे. पोटातून जे निघेल ते बाटलीत घालून, चिठ्ठी लावून, मालकाला दाखवायचं आणि कपाटात मांडायचं, म्हणजे पुन्हा चूक होत नाही. जर्दाळूची बी, पायमोजा, रबरी बदकाचं डोकं, मांजरीच्या आतड्यातला हातभर दोरा, सगळं त्या कपाटात पाहिलंय मी. मग माझी बाटली कुठे आहे? ऑपरेशन झाल्यावर विचारलं, तर तू हात धूत होतास आणि धूतच राहिलास.

चिंगी विचारते की मामाने भुंगीला शिवताना रंगीत दोरा वापरला का. उत्तर कळव, नाहीतर रोज डोकं खाईल.

आमच्यावर माया आहेच, तिला पत्राच्या रूपाने जरा हातपाय फुटू देत.

तुझी,
छोटी


ता. ७ सप्टेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोरा पांढरा वापरला आहे, पण चिंगीला निळा सांग. मामाची किंमत वाढेल.

तुझी भुंगी उत्तम रोगी आहे. गळ्यातल्या त्या नरसाळ्याने दवाखान्यातलं प्रत्येक टेबल ठोकून झालं. आज सकाळी दोन चमचे पातळ खाणं खाल्लं आणि आत राहिलं. साधारण वीतभर आतडं काढून दोन टोकं जोडावी लागली. अशा जोडाला तिसरा ते पाचवा दिवस अवघड असतो. आत टाका सुटला तर सगळंच बिघडतं. म्हणून मी आणि कंपाउंडरबाई आळीपाळीने तिच्यापाशी बसतो. ताप नाही, पोट मऊ आहे. काळजी करू नकोस.

चित्राचं फार मनाला लावून घेऊ नकोस. भल्याभल्यांना कळत नाही. चुका माणसाकडूनच होतात.

निघालं ते कापड होतं. बोळा झालेला, आतड्यांत अडकलेला. बाटलीत ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून ठेवलं नाही. कुत्री काय काय गिळतात, तुला ठाऊक आहेच. आता तो विषय संपला असं समज आणि पोरांच्या चित्रांकडे लक्ष दे.

मेहुणेबुवांना नमस्कार, तुझ्या सासूबाईंना सा. न. सांग.

माया इकडे भरपूर आहे, तिकडची आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा


ता. ११ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाचवा दिवस सरला हे फोनवर कळलं आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चिंगीने शाळेत सांगितलं की तिच्या कुत्रीच्या पोटात निळी शिलाई आहे.

विषय संपला असं तू लिहिलंस, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. कापड म्हटल्यावर मी घरातली सगळी फडकी मोजली. पुसायची, झाडायची, चिंगीच्या बाहुलीची सुद्धा. सगळी सापडली. सापडलं नाही ते एकच, सासूबाईंचं गरम भांडं धरायचं निळं फडकं. आणि दादा, त्याच फडक्याने त्या रोज दुपारी भुंगीशी ओढाओढी खेळतात. एक टोक त्यांच्या हातात, एक तिच्या तोंडात. मी कितीदा तरी सांगितलं होतं.

तुला लिहिलं नव्हतं, पण गेले काही महिने त्यांचं विसरणं वाढलं आहे. नळ चालू राहतो. एकदा शेजारच्या बाईंना त्यांनी स्वतःच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ज्या बाईला अख्ख्या गावाचे घरनंबर पाठ होते, तिचं हे असं. आम्ही हसून सोडून देत होतो. पण या वेळी मला राहवलं नाही. मी जरा चढ्या आवाजात विचारलं. चिंगी समोर होती, तरी विचारलं. सासूबाई आधी म्हणाल्या की मी दिलं नाही. मग म्हणाल्या की आठवत नाही. जेवताना म्हणाल्या की कदाचित हातातून सुटलं असेल. आणि झोपायच्या आधी माझ्याकडे येऊन म्हणाल्या की हो, आठवलं, निळंच फडकं होतं, तिने गिळलं आणि मी बघत राहिले. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं.

मला राग आला आणि कीवही आली. नवरोबांनी गॅसची कळ बाहेरून बंद करायची सोय करून आणली. चिंगीला शाळेतून आणायचं काम आता शेजारणीकडे दिलं आहे.

असो. चोर सापडला, एवढं तुझ्या कपाटाला सांग.

लोभाची पेरणी चालू ठेवावी.

तुझी,
छोटी


ता. १४ सप्टेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला असं उलटतपासणीला उभं करू नये. कापड त्यांचंच होतं, हे कशावरून? बरंच जुनं आणि विरलेलं दिसत होतं. रस्त्यावरचंही असू शकेल. कुत्रं फिरायला नेलं की नाक कुठे खुपसेल सांगता येत नाही. मी एवढंच म्हणेन, की कुणालाच दोष देऊ नका. भुंगी वाचली, पुष्कळ झालं.

ती आता चार वेळा खाते. परवा तिने कंपाउंडरबाईंची चप्पल पळवली, म्हणजे तब्येत सुधारली. येत्या शनिवारी मेहुणेबुवांनी न्यायला यावं. टाके मी त्याच दिवशी काढून देईन. पंधरा दिवस उड्या नकोत, हाडं नकोत, आणि पुढ्यात कापड तर अजिबात नको.

कंपाउंडरबाई माझ्यावर रुसल्या आहेत. वीस वर्षांत पहिल्यांदाच. कामाचं तेवढं बोलतात. कारण विचारू नकोस, माझंच काहीतरी.

गॅसच्या कळीचं मात्र जरा घाईचं झालं, असं मला वाटतं. त्यांना तसं वाटू देऊ नका. त्या फार मानी आहेत.

माझ्यावरचा लोभ माझ्या लायकीपेक्षा जास्तच आहे, तो तेवढाच राहिला तरी चालेल.

तुझा,
दादा


ता. २२ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भुंगी घरी येऊन आठवडा होत आला. पोटावर केस नाहीत, म्हणून चिंगी तिला अर्धी सोललेली म्हणते. खाते, झोपते, दारावरची घंटा वाजली की भुंकते. तुझ्या हाताला यश आहे, यात शंका नाही.

घरात मात्र चैन नाही. तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. कुणाला दोष देऊ नका, हे ऐकून त्या म्हणाल्या की डॉक्टर भला माणूस आहे, उगीच रस्त्याचं नाव घेतो. त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर आणून ठेवला. एक वही केली आहे. तिच्यात दार लावलं, नळ बंद केला, गोळी घेतली, असं वेळ घालून लिहितात. आणि पुन्हा उठून दार लावलं की नाही ते बघून येतात. भुंगी त्यांच्या खुर्चीखाली जाऊन बसते, तर त्या उठून दुसऱ्या खोलीत जातात.

मागच्या आठवड्यात त्यांना डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बरेच प्रश्न विचारले, चित्रं ओळखायला लावली. म्हणाले की वयाच्या मानाने थोडं विसरणं आहे, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण सासूबाईंनी त्यांना विचारलं, की जी बाई समोरचं जनावर कापड गिळताना बघते आणि चार दिवसांत विसरते, तिच्या हाती नात द्यावी का. त्यावर ते जरा थांबले. म्हणाले की तसं खरंच घडलं असेल तर मग जपायला हवं. त्या जरा थांबण्याने सगळं ठरलं बघ. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी राहायची सोय आहे, तिथला फॉर्म त्यांनी स्वतः मागवला आणि स्वतः भरला. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला खोली मिळते आहे. नवरोबा दोन दिवस धड जेवले नाहीत. पण नको जाऊस असं आमच्यापैकी कुणीही ठासून म्हणालं नाही.

तुला म्हणून सांगते. फॉर्म पाहिला तेव्हा क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. शाळा, घर, चिंगी, आणि वर त्यांच्यामागे नळ बंद करत फिरायचं, यातून सुटका. मग स्वतःचीच शरम वाटली. याच बाईंनी चिंगी तीन महिन्यांची असल्यापासून सांभाळली, म्हणून मी नोकरी करू शकले.

तू मोठा आहेस, काहीतरी सुचव. त्या तुझा शब्द मानतात.

माया पातळ होऊ देऊ नकोस, सध्या तिची गरज आहे.

तुझी,
छोटी


ता. २४ सप्टेंबर

श्री. डॉक्टर यांस,
सप्रेम न. वि. वि.

सूनबाईला न सांगता हे पत्र लिहिते आहे. तिकीट माझ्याकडे असतंच. आमच्या घरी पेन मिळत नाही, पण तिकीट मिळतं.

पहिलं म्हणजे, तुमची माफी मागायची आहे. माझ्यामुळे तुम्हाला तुमच्याच बहिणीच्या कुत्रीचं पोट फाडावं लागलं आणि बारा दिवस तिच्यापाशी बसावं लागलं. तुम्ही एका शब्दाने बोल लावला नाहीत. तुमच्या जागी मी असते तर नक्कीच लावला असता.

दुसरी गोष्ट घरात कुणालाही सांगितलेली नाही. पोस्टात पस्तीस वर्षं मी पत्रं लावली. एकही पत्र चुकीच्या खणात टाकलं नाही, असं म्हणणार नाही. सहा टाकली. त्या सहाही पत्रांचे पत्ते मला अजून पाठ आहेत. चूक झाली की ती माझ्या डोक्यात राहते, असा माझा अनुभव. मग ही चूक का नाही? मी सगळ्यांना सांगितलं की आठवलं, निळं फडकं होतं. पण तुम्हाला खरं सांगते, मला काहीच आठवत नाही. किती ताण दिला तरी तिथे नुसतं कोरं आहे. निष्काळजी म्हटलं तर चालेल, पण डोकं रिकामं झालं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी आठवल्याचं खोटं सांगितलं. या वयात नातीसमोर खोटं बोलले, याची फार लाज वाटते.

तुम्ही ते कापड डोळ्यांनी पाहिलंत. तेवढंच विचारायचं आहे, ते निळं होतं का? पाच तारखेला मी इथून जाणार आहे, ते तर ठरलंच आहे. पण रंग कळला तर माझं मलाच उमजेल की मी कुठवर आले आहे.

उत्तर माझ्या नावावर पाठवावं. आपल्या मनात या म्हातारीला थोडी जागा राहू द्यावी.

आपल्या बहिणीची सासू


ता. २८ सप्टेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

कापड निळं नव्हतं, पांढरं होतं. तुझ्या घरातलं नव्हतं, माझ्या दवाखान्यातलं होतं. ऑपरेशन करताना रक्त टिपायला आम्ही जाळीदार कापडाच्या घड्या वापरतो, ती गॉझची घडी होती. भुंगीने काहीही गिळलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी, तिला पिल्लं होऊ नयेत म्हणून मी तिचं ऑपरेशन केलं, तेव्हा ती घडी मी तिच्या पोटात विसरलो. इतके दिवस ती तिथे राहिली, आतडी तिला चिकटत गेली, आणि शेवटी पीळ पडून वाट बंद झाली. मी पोट उघडलं, गाठ कापली, आणि आत माझीच घडी निघाली.

ऑपरेशनच्या खोलीतली भिंतीवरची पाटी तू पाहिली आहेस. सुरुवातीला किती घड्या घेतल्या ते कंपाउंडरबाई तिच्यावर खडूने लिहितात. पोट शिवायच्या आधी सगळ्या मोजतात. आकडा जुळला नाही तर मला टाका घालू देत नाहीत. एकदा एका घडीसाठी त्यांनी मला अर्धा तास थांबवलं होतं, ती माझ्या बुटाला चिकटलेली निघाली. पण तो रविवार होता. दवाखाना बंद, त्यांना सुट्टी. घरचंच कुत्रं, घरचंच काम, कशाला त्यांना बोलवायचं, असं मी म्हणालो. तू भुंगीचं डोकं धरून उभी होतीस. मी तुला आपल्या गणिताच्या मास्तरांची नक्कल करून दाखवत होतो. पाटी कोरी होती. परक्याचं कुत्रं असतं तर मी मोजलं असतं. घरचं म्हणून मोजलं नाही. पंचवीस वर्षांत एकच ऑपरेशन मी पाटीशिवाय केलं, आणि तेच तुझं.

त्या दिवशी तू बाहेर बाकावर बसली होतीस. मी हात धूत होतो. तू विचारलंस काय निघालं, आणि मी पुन्हा साबण हातात घेतला. पत्रात कापड असं लिहिलं. खोटं नाही लिहिलं, अशी स्वतःची समजूत घातली. मग तू घरातली फडकी मोजायला लागलीस. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी रस्त्याचं नाव घेतलं आणि मूग गिळून बसलो. कंपाउंडरबाईंनी ती घडी ट्रेमध्ये पाहिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती धुऊन बाटलीत घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली. चिठ्ठी लावली नाही. चिठ्ठी मी लिहायची, असा त्याचा अर्थ. तीन आठवडे ती बाटली माझ्यासमोर आहे आणि मी तिच्याभोवती कागद ठेवत आलो आहे.

मला भीती कशाची वाटली, तेही सांगतो. पंचक्रोशीतले लोक आपली जनावरं माझ्या भरवशावर सोडून जातात. आणि तू. लहानपणापासून तुला वाटतं की दादाला सगळं येतं. ते जाऊ नये, एवढ्यासाठी मी एका म्हाताऱ्या बाईंना स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडेपर्यंत जळू दिलं. त्यांनी मला पत्र लिहून माफी मागितली आहे. माझी! रंग विचारला आहे. त्यांना काही आठवत नाही, कारण आठवण्यासारखं काही घडलंच नाही. त्यांचं डोकं शाबूत आहे. हरवलेलं फडकं कुठेतरी कपाटामागे पडलेलं असेल.

त्यांना सरळ उत्तर लिहायला चार वेळा बसलो. मायना लिहिला की हात थांबतो. म्हणून तुला लिहितो आहे. हे पत्र त्यांना वाचून दाखव. त्यांना जाऊ देऊ नकोस.

माझ्यावर लोभ ठेव, असं आज म्हणवत नाही.

दादा


ता. २ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न.

तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मध्येच उठून भुंगीच्या पोटावरचा व्रण बघून आले. दुसऱ्यांदा वाचताना तुला फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला, कारण तोंडातून काय निघालं असतं ते माझं मलाच माहीत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी स्वतःच्या हाताने दिली, आणि चोर मला पत्रातून आशीर्वाद पाठवत होता.

चूक मी समजू शकते. टेबलाशी मीही उभी होते. मास्तरांच्या नकलेवर हसून हसून माझ्या हातातलं भुंगीचं डोकं हलत होतं आणि तू मला दटावत होतास, ते मला स्वच्छ आठवतं. ती घडी आपण दोघं मिळून विसरलो म्हण हवं तर. पण त्यानंतरचे तीन आठवडे फक्त तुझे आहेत. गॅसची कळ घाईची झाली असं तू लिहिलंस, आणि कारण तुझ्या टेबलावर होतं.

काल संध्याकाळी नवऱ्यासमोर सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. आधी मी त्यांच्या पाया पडले. चिंगीसमोर ओरडले होते, म्हणून चिंगीसमोरच माफी मागितली. नवरोबा उठून गॅसची ती कळ काढायला गेले आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग पाकीट मागितलं. त्यावरचं नाव पाहिलं, शिक्का पाहिला. पत्र माझ्या नावावर का आलं, एवढंच विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या की दमली आहेस, चहा घे. आणि पेटी भरायला गेल्या.

त्यांना एक अक्षर पटलेलं नाही. फडकं शोधायला मी आज सगळी कपाटं ओढली. सापडलं नाही. तुला त्या स्वतः लिहिणार आहेत.

दादा, प्रश्न त्यांनी तुला विचारला होता. उत्तर त्यांना द्यायला हवं होतंस, मला नाही.

पत्राच्या शेवटी जे लिहायची आपली पद्धत आहे, ते आज लिहीत नाही.

छोटी


ता. ३ ऑक्टोबर

श्री. डॉक्टर यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या वेळी आशीर्वाद लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते मुलगाच आईसाठी करतो.

सूनबाईने तुमचं पत्र वाचून दाखवलं. फार सुंदर लिहिलं आहे. पाटी, रविवार, मास्तरांची नक्कल, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण डॉक्टर, माझं आयुष्य पत्रांत गेलं. खरं पत्र आणि कुणाची समजूत घालायला लिहिलेलं पत्र यातला फरक मला हाताला कळतो. रंग मी विचारला होता, माझ्या नावावर पाठवा असंही लिहिलं होतं. खरं सांगायचं असतं तर तुम्ही मलाच कळवलं असतं. ज्याने विचारलं त्याला सोडून माणूस खरं दुसऱ्याला कशाला सांगेल? सूनबाईने फोनवर रडून सांगितलं असणार, आणि तुम्ही भावाबहिणींनी मिळून म्हातारीला सांभाळून घ्यायचं ठरवलंत. शिवाय तुमचं पहिलं पत्रही मी ऐकलं होतं. त्यात दोन ओळींत कापड होतं एवढंच लिहिलं होतं. खरं तेवढंच असतं. चार पानं लागतात ती बाकीच्याला.

पंचवीस वर्षं मोजून काम करणारा माणूस मोजायला विसरत नाही. मी पत्रं विसरले नाही, तशा तुम्ही घड्या विसरला नाहीत. ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या हातात मुरलेलं असतं. माझ्यासाठी तुम्ही स्वतःच्या हाताला बट्टा लावून घेतलात, हे ऐकून मला रात्रभर झोप नाही. कुणीतरी आपल्यासाठी इतकं खाली वाकावं, अशी मी नाही. एक विनंती आहे. ही गोष्ट बाहेर कुणालाही सांगू नका. लोक खरी मानतील आणि तुमच्या दवाखान्यात कुणी येणार नाही. मग त्या मुक्या जनावरांनी कुठे जायचं?

मुलगा आणि सूनबाई आता मला जाऊ नको म्हणतात, पाया पडतात. म्हणजे तुमच्या पत्राने त्यांचं काम केलं. पण मला माहीत आहे ते मला माहीत आहे. परवा मी निघते. तिथला पत्ता मागे लिहिला आहे, सवडीने दोन ओळी पाठवा. या वेळी माझ्या नावावर पाठवा.

भुंगी बरी आहे. घरात कुणी आता तिला माझ्याकडे यायला अडवत नाही. ती येते, माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवते आणि वर बघते. मी हात मागे घेते.

तुमच्या चांगुलपणाला दृष्ट लागू नये, एवढंच मागते.

तुमच्या बहिणीची सासू